तोंडावरचा पहारा

भट्टीवाले प्रामाणिक होते, आणि आपण प्रामाणिक आहोत हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होते. कालचा पाव ते 'कालचा' असे सांगून विकत, आणि तेही इतक्या मोठ्याने, की घेणाऱ्यालाच ओशाळल्यासारखे होई. करपलेली बिस्किटे ते वेगळ्या ताटात ठेवत आणि त्यावर 'करपलेली' अशी चिठ्ठी लावत. त्यांचे खरे नाव गल्लीत कुणी घेत नसे. बायको लग्नापासून 'अहो' म्हणत आली होती, लेक 'बाबा' म्हणे, आणि उरलेले जग 'भट्टीवाले' म्हणून मोकळे होई.

पुढे दुकान, मागे भट्टी आणि वर घर, एवढ्यात त्यांचे आयुष्य मावत होते. जिन्याच्या कठड्यावर खालपासून वरपर्यंत पिठाचा एक पांढरा पट्टा गेलेला होता. दाराची मूठ, दिव्याचे बटण, चष्म्याची उजवी काडी, यांच्यावरही तेच पीठ असे. चोर घरात शिरलाच तर ठसे उमटवायला पोलिसांना वेगळी पावडर आणावी लागणार नाही, असे बायको म्हणे. तिने पहिली काही वर्षे हे पीठ पुसले, नंतर काही वर्षे त्यावरून भांडण केले, आणि शेवटी तिला ते दिसेनासेच झाले. पुढे जे घडले त्यात या न दिसण्याचा वाटा मोठा होता.

भट्टीवाल्यांना हे काम त्यांच्या मामाने शिकवले होते. मामा समजावून सांगणाऱ्यांतला नव्हता. चुकले की तो हातावर चापट मारी आणि म्हणे, "डोकं बाजूला ठेव, हाताला शिकू दे." हात शिकला. पीठ सैल झाले की घट्ट, हे भट्टीवाले डोळ्यांनी बघत नसत. ते हाताला कळे, आणि हात परस्पर त्याचा बंदोबस्त करी. तोपर्यंत तोंड शेजारच्या शिंप्याशी जगाच्या कारभारावर वाद घालायला मोकळे राही. माणसाच्या कौशल्याचा बराचसा भाग असा त्याच्या नकळत चालतो, आणि त्याचे श्रेय मात्र तो पुरेपूर जाणिवेने घेतो. भट्टीवालेही घेत.

लेक रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर अनोळखी लोकांना सुई टोचून झाल्यावर घरीही तिचे बोलणे त्याच धर्तीवर चाले. आधी टोचायचे, मग कापूस लावायचा.

"बाबा, साखर वाढलीय."

"कुठली? वाण्याकडची?"

"तुमच्या रक्तातली."

"मी चहासुद्धा बिनसाखरेचा पितो."

"आणि पाव?"

"पाव काय गोड असतो?"

लेकीने आईकडे पाहिले. आईने छताकडे पाहिले. मग लेकीने मैद्याची पोटात गेल्यावर साखर कशी होते ते सांगितले. भट्टीवाले ऐकत होते तसतसा त्यांचा चेहरा एखाद्या जुन्या मित्राची चहाडी कानावर आल्यासारखा होत गेला.

"म्हणजे मी जन्मभर लोकांच्या पोटात साखर घालत आलो, असं तुझं म्हणणं."

"लोकांचं लोक बघतील. तुम्ही तुमचं बघा. मैद्याचं काहीही तोंडाला लावायचं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. साखर उतरली नाही, तर भट्टीची किल्ली माझ्याकडे. भट्टी दादा चालवेल."

दादा म्हणजे भट्टीवाल्यांचा भाचा. तो एका मोठ्या बिस्किट कारखान्यात होता. तिथल्या मालाला माणसाचा हात लागत नाही, असे त्यांच्या पाकिटावर अभिमानाने छापलेले असे. भट्टीवाल्यांनी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा त्यांना कुणी भर रस्त्यात शिवी दिल्यासारखे वाटले होते.

"शब्द देताय ना?" लेकीने विचारले.

"दिला," भट्टीवाले म्हणाले. आपला शब्द आणि आपली भट्टी अशा दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात पणाला लागल्या आहेत, हे त्यांना कळत होते. पण पाव खाल्ल्याशिवाय राहणे ही आपल्यासारख्याला फारशी अवघड गोष्ट नाही, असा त्यांचा समज होता.

दुसऱ्या दिवशी लेकीने एक पाकीट आणले. आत करड्या-काळ्या रंगाचे मोहरीहून बारीक दाणे होते.

"हे काय, चिमण्यांना?"

"चिया. पाण्यात भिजवलं की फुगतं, चिकट होतं. त्यात बदामाचं पीठ, अंडी, मीठ आणि जरा बेकिंग पावडर घालून पाव करतात. मैद्याचा कणसुद्धा लागत नाही."

"मैदा नाही आणि पाव? पाणी नाही आणि पोहणं, त्यातलाच प्रकार."

तरीही त्यांनी दाणे भिजवले. थोड्या वेळाने वाटीत डोकावलेली बायको दोन पावले मागे सरली. "अहो, हे बेडकाच्या अंड्यांसारखं दिसतंय."

"बेडूक निघाला तर तुझ्या लेकीला बोलाव."

पहिला पाव भट्टीतून निघाला तेव्हा भट्टीवाल्यांनी सवयीप्रमाणे तो उलटा करून तळावर टिचकी मारली. पाव नीट भाजला असेल तर तळातून पोकळ आवाज येतो. यातून काहीच आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा टिचकी मारली, मग बोटाच्या पेराने ठोकले, मग कान लावला. "मेलाय," ते म्हणाले. बायकोने तो पाव मागच्या दाराला अडसर म्हणून लावून पाहिला. दार दिवसभर हलले नाही.

दुसरा पाव मधोमध बसला. तिसऱ्याला त्यांनी हट्टाने मैद्याच्या पावासारखे वागवायचे ठरवले. लेकीने सांगितले होते की ते ओले मिश्रण चमच्याने सरळ साच्यात घालायचे आणि हात लावायचाच तर ओला करून लावायचा. पण चमच्याने पाव करणे म्हणजे चिमट्याने मूल खेळवणे, असे भट्टीवाल्यांचे मत होते. त्यांनी मिश्रण मेजावर ओतले आणि दोन्ही हातांनी त्याला गोळ्याचा आकार द्यायला घेतला. ते बोटांना चिकटले, मेजाला चिकटले, चष्म्यालाही चिकटले. त्यांनी शिव्या दिल्या, पण सोडले नाही. आणि हळूहळू जमू लागले. पाव दर खेपेला थोडा अधिक उभा राहू लागला, कापला की जाळी दिसू लागली, आणि अखेर एके दुपारी टिचकी मारताच तळातून पोकळ आवाज आला.

"हात बसला!" भट्टीवाले ओरडले. "अगं, ऐक! बोलतोय!"

त्या पावाची बातमी गल्लीत पसरली. शेजारच्या शिंप्यालाही साखरेचा त्रास होता आणि तो बायकोच्या धाकाखाली पावाविना दिवस काढत होता. त्याने एक तुकडा खाल्ला आणि डोळे मिटले.

"भट्टीवाल्या, यात मैदा नाही?"

"कणभर नाही."

"मग देव आहे."

त्यानंतर साखरवाल्यांचा पाव म्हणून एक वेगळे फडताळच दुकानात तयार झाले. चियाचे दाणे असलेली त्या पावाची तपकिरी पाठ उन्हात चमके आणि भट्टीवाले गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगत, की सगळी करामत हाताची आहे.

फक्त साखर उतरेना.

लेकीने घरी बोट टोचून साखर बघायचे यंत्र ठेवले होते. ते दर वेळी तोच निकाल देई, आणि लेक दर वेळी तोच प्रश्न विचारी, "बाबा, खरं सांगा."

"खरंच सांगतोय."

"मग साखर काय हवेतून येते?"

भट्टीवाले यंत्राकडे संशयाने बघत. आरोपी निर्दोष असला, की त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नसते, आणि काही सांगत नाही म्हणून तो अधिकच दोषी दिसतो. न्याय करणाऱ्यांच्या ध्यानात ही अडचण सहसा येत नाही. घराचेच न्यायालय झाले, मग तर मुळीच येत नाही.

बायकोने गल्ल्यावरचे आपले स्टूल उचलले आणि दुकान व भट्टी यांच्यामधल्या दारात आणून ठेवले. तिथून एका डोळ्याने गिऱ्हाईक दिसे आणि दुसऱ्याने नवऱ्याचे तोंड. मध्ये ट्रे रचलेले असल्याने त्यांच्यावरून भट्टीवाल्यांचे फक्त मुंडके दिसे, पण पहाऱ्याला तेवढे पुरेसे होते. जबडा हलला की हाक येई.

"काय खाताय?"

"काही नाही, बोलतोय."

"कुणाशी?"

"स्वतःशी. आता तेवढंच एक माणूस माझं ऐकतंय."

कधी ती मिशी तपासायला येई. मिशीत पीठ सापडे, पण पावाचा चुरा सापडत नसे. पीठ तर त्यांच्या भुवयांतही असायचे, त्याचे काय मोठे? ती तेवढे झटकून परत स्टुलावर जाई.

शिंप्याचीही गत वेगळी नव्हती. दोघे आरोपी दुपारी दुकानाच्या पायरीवर बसत.

"माझी म्हणते, तू चोरून खातोस," शिंपी म्हणे. "अंगरख्याचे खिसे उलटे करून बघते. मी शिवलेले खिसे, रे!"

"आणि तू खातोस?"

शिंप्याने रस्त्याकडे पाहिले. "तू खातोस का, ते सांग."

"नाही."

"मग मीही नाही," शिंपी म्हणाला.

तपासणी जवळ आली तसा पहारा कडक होत गेला. एके दिवशी भट्टीवाले भट्टीतून ट्रे काढत असताना मागून आवाज आला, "तोंड उघडा बघू!" दचकून वळताना त्यांचा उजवा हात भट्टीच्या दाराला लागला. तळवा चांगलाच भाजला. तोंड मात्र उघडले, आणि आत काहीच नव्हते.

हाताला मलम लावून पट्टी बांधली गेली. नेहमीचे पाव करायला भाचा कारखान्यातून रजा घेऊन आला. तो कामाला चोख होता, पण मोकळा वेळ मिळाला की टेप काढून मेजाची लांबी मोजी आणि म्हणे, "इथे मशीन आरामात बसेल, मामा." भट्टीवाले जिन्यावर बसून हे बघत आणि पट्टीतली बोटे हलवून पाहत.

चियाचा पाव तेवढे दिवस बायकोने वरच्या स्वयंपाकघरात केला. कृती भट्टीवाल्यांनीच तोंडी सांगितली, काही म्हणून वगळले नाही. तिने मिश्रण चमच्याने साच्यात घातले, ओल्या हाताने वरून थोपटले आणि भाजले. पाव पुन्हा पहिल्यासारखाच बसका निघाला. भट्टीवाल्यांनी टिचकी मारली.

"मेलाय."

"तुम्ही सांगितलं तस्संच केलंय. काहीतरी लपवताय तुम्ही."

"मी? तुझ्यापासून?"

"कारागीर लोक हातचं राखून सांगतात, म्हणे."

"अगं, सगळं सांगितलं! हाताला जे ठाऊक आहे ते मला कसं सांगता येणार?"

हे वाक्य ते रागाने बोलले, आणि त्याकडे दोघांपैकी कुणीही लक्ष दिले नाही. खरे तर सगळा उलगडा त्यातच होता.

तो जड, ओलसर, पोटात दगड ठेवल्यासारखा पाव भट्टीवाले मुकाट्याने खात राहिले. आणि त्या आठवड्यात साखर उतरली. यंत्रावरचा आकडा बघून लेकीला आधी आनंद झाला आणि मग तिचा चेहरा कठोर झाला.

"बघितलंत? आई पाव करते आणि तुम्ही वर असता, भट्टीजवळ नसता, तेव्हा बरोबर साखर उतरते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय ते तुम्हालाच माहीत, बाबा."

आजवर नुसता संशय होता, आता पुरावा आला. आपण निर्दोष आहोत हे ठाऊक असलेल्या माणसाविरुद्ध इतका भक्कम पुरावा कधी उभा राहिला नसेल. भट्टीवाले बायकोकडे वळले. "तुलाही असंच वाटतं?"

बायको म्हणाली, "मला तुमच्यावर विश्वास ठेवायचाय हो. पण तो ठेवायला काहीतरी टेकू द्या की!"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. शिंप्यालाही भेटले नाहीत. आपण झोपेत तर उठून पाव खात नाही ना, अशी शंका त्यांना येऊ लागली, इतका तो पुरावा भक्कम होता.

पट्टी अजून सुटली नव्हती, तरी दुसऱ्या दुपारी ते भट्टीवर उतरले. भाचा जेवायला गेला होता. "आज चियाचा पाव मी करतो," ते म्हणाले. "तू माझ्या अंगाला अंग लावून उभी राहा. तोंडाला चिकटपट्टी लावायची तर लाव. नंतर जे म्हणायचं ते म्हण."

बायको मेजाला टेकून उभी राहिली. ट्रेंच्या या बाजूला ती एरवी येई ती मिशी नाहीतर तोंड तपासण्यापुरतीच. भट्टीवाल्यांनी भिजवलेले चिया, बदामाचे पीठ आणि अंडी कालवली, मिश्रण मेजावर ओतले आणि डाव्या हाताने गोळा करायला घेतले. भाजलेला उजवा हात कडेला नुसता ठेवला होता.

"बघ, यात मैदा नाही. बघतेस ना?"

"बघतेय."

"तोंडात काही नाही. आ..." त्यांनी जबडा उघडून दाखवला.

"दिसलं, दिसलं. पुढे करा."

"तुझी लेक मला चोर ठरवते. आता ही किल्ली गेली, की उद्या तो भाचा इथे यंत्र बसवणार, आणि..."

तोंड असे चालू असताना गोळा चिकटू लागला. आणि बायकोने पाहिले, की पट्टी बांधलेला उजवा हात आपण होऊन उठला, मेजाच्या कोपऱ्यावरच्या पिठीच्या डब्यात गेला, मूठभर मैदा घेऊन आला, मेजावर भुरभुरला, गोळ्यावर भुरभुरला, पुन्हा डब्यात गेला, साच्याला आतून पीठ लावून आला, आणि तिसऱ्यांदा डब्यातून मूठ भरून निघाला.

"अहो."

"...मामाने मला घडवलं ते काय यासाठी? माणसाचा शब्द..."

"अहो, हे काय?"

"काय?"

"हातात काय आहे?"

"कुठल्या हातात?"

"तुमच्या!"

भट्टीवाल्यांनी खाली पाहिले. आपल्या खांद्याला जोडलेला, पट्टी बांधलेला एक हात मूठ भरून हवेत थांबलेला त्यांना दिसला. पट्टीला मलम होते आणि मलमाला मैदा लागून तिचा लाडू झाला होता. त्यांनी मूठ उघडली. मैदा खाली पडला. त्यांच्या चेहऱ्यावर असे भाव होते, की जणू दुसऱ्याच कुणाला तरी चोरी करताना रंगेहाथ पकडले आहे.

"हे मी केलं?"

"दोनदा. आणि तिसऱ्यांदा हात निघालाच होता."

"नेहमी...?"

"मला काय माहीत? मी तोंड बघत होते."

भट्टीवाले पिठाच्या पोत्यावर मटकन बसले. चियाचा पाव उभा का राहिला, जाळी का पडली, आवाज का आला, हे सारे त्यांना एकदम कळले. हात बसला नव्हता. हाताने परस्पर त्याचा नेहमीचा बंदोबस्त केला होता. बायकोला आधी हसू आले. ते तिने दाबले, मग ते तिला आवरेना, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

"तुम्ही खोटं बोलत नव्हता हो," ती म्हणाली. "मीच..."

पण भट्टीवाल्यांचे लक्ष तिच्याकडे नव्हते. निर्दोष सुटल्याचे समाधान त्यांना मिळाले ते क्षणभरच. त्यांची नजर दुकानातल्या साखरवाल्यांच्या फडताळावर गेली होती.

"मी लोकांना विकला हा पाव," ते म्हणाले. "'कणभर नाही' म्हणून विकला."

त्यांनी कागद घेतला आणि 'करपलेली' या चिठ्ठीइतक्याच ठळक अक्षरांत लिहिले: 'या पावात मैदा होता. चूक माझी.' ती चिठ्ठी दुकानाच्या काचेवर लावली. मग जे जे गिऱ्हाईक तो पाव नेत होते, त्या प्रत्येकाच्या दारी जाऊन स्वतः सांगितले. कुणी रागावले, कुणी दार आपटले, एका बाईने त्यांना पाणी दिले आणि मग दार आपटले. शेवटी ते शिंप्याकडे गेले.

शिंप्याने सगळे ऐकून घेतले. "म्हणजे मी इतके दिवस मैदा खाल्ला?"

"हो."

"तरीच देवाची आठवण होत होती!" आणि शिंप्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याने भट्टीवाल्यांचे मनगट धरले. "चल! आत चल आणि हे सगळं माझ्या बायकोपुढे बोल. साखर पावामुळे वाढली, फक्त पावामुळे, असं सांग."

भट्टीवाल्यांनी मित्राकडे निरखून पाहिले. शिवणयंत्राच्या खणातून बिस्किटाच्या पाकिटाचे टोक बाहेर आले होते. भाच्याच्याच कारखान्याचे.

"पावापुरतं बोलेन," ते म्हणाले.

"हळू बोल," शिंपी म्हणाला.

संध्याकाळी लेक आली तेव्हा भट्टीवाल्यांनी किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली. "तुझी आई सगळं सांगेल. मी चोरून खाल्लं नाही. पण मी जे म्हणून विकलं, ते तसं नव्हतं. किल्ली ठेव."

लेकीने सगळे ऐकले. टोचायची तिला सवय होती, कापूस मात्र आज सापडत नव्हता. शेवटी ती म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी जे बोलले..."

"पुरावा तसाच होता. मीसुद्धा मला दोषीच धरलं असतं."

"किल्ली खिशात ठेवा. तीन महिने आजपासून मोजू. पण तो पिठीचा डबा तिथून हलवायचा."

डबा हलवला. हात हलला नाही. दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या कोपऱ्यात गेला, चिमूटभर हवा उचलून आला आणि ती पावावर भुरभुरली. हे बघून बायकोने त्या जागी पाण्याचे भांडे ठेवले. त्यानंतर हात डब्याच्या ओढीने जाई, पाण्यात बुडे, आणि झटकला की अर्धे पाणी गोळ्यावर आणि अर्धे बायकोच्या तोंडावर उडे. पण ओल्या हाताला मिश्रण चिकटत नसे, गोळा नीट वळे, आणि लेकीने पहिल्या दिवशी सांगितले होते ते हेच होते, हे भट्टीवाल्यांना बऱ्याच उशिराने मान्य करावे लागले. पाव बसकाच झाला. टिचकी मारली की तो आता अगदीच मुका राहत नसे, घसा बसलेल्या माणसासारखे काहीतरी पुटपुटे. शिंपी तो खाताना डोळे उघडे ठेवी.

साखर उतरली. लेकीने आकडा दोनदा पाहिला, किल्लीबद्दल काही बोलली नाही, आणि जाताना भाच्याला फोन करून सांगितले की टेप घेऊन यायची गरज नाही.

बायकोने स्टूल कधीच दारातून उचलून मेजाशेजारी नेऊन ठेवले होते, कारण आता पहारा हातावर होता. तोंडाकडे कुणी बघत नसे. एके दुपारी नेहमीचे पाव भट्टीतून निघाले. गरम, फुगलेले, तळातून खणखणीत बोलणारे. भट्टीवाल्यांनी एक पाव उलटा करून टिचकी मारली आणि तो हातात तसाच धरून उभे राहिले. बायकोची नजर हातावर होती, पण या हातात पाव असणे हे कामच असल्याने तिला त्यात काही वावगे दिसले नाही.

"अगं," भट्टीवाले म्हणाले.

"काय?"

"ते स्टूल जरा मागे घे."

"का? हात दिसायला नको?"

"हात दिसू दे. पण तोंडही दिसेल असं बस." त्यांनी हातातल्या पावाकडे पाहिले. "इतके दिवस मी खाल्लं नाही ते माझ्या शब्दामुळे की तुझ्या डोळ्यांमुळे, हे मला नक्की सांगता येईनासं झालंय."

बायकोने त्यांच्याकडे पाहिले. मग ती उठली, तिने त्यांच्या हातातला पाव काढून ट्रेमध्ये ठेवला, आणि स्टूल दोन हात मागे ओढून, चष्मा पुसून, अंगभर नवरा दिसेल असे ठाण मांडून बसली.

"हं," ती म्हणाली, "चालू द्या."